चपला फिरल्या वाटते

बोलता बोलता तो डावा डोळा मिटायचा. समोरचं काही मनात भरलं की डावा डोळा बंद, आणि उजव्यानं तेवढाच एक तुकडा निरखत उभा. लग्नांचं शूटिंग करून करून लागलेली सवय होती ती. कॅमेऱ्याला उजवा डोळा लावायचा म्हणजे डावा मिटावाच लागतो. पण खांद्यावर कॅमेरा नसतानाही त्याचा डोळा मिटायचा, आणि ही गोष्ट आर्णीच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बायांना कोण समजावून सांगणार?

एका लग्नघरी, लग्नाच्या आदल्या दिवशी, नवरीच्या मामानं त्याची कॉलर धरली होती.

"आमच्या पोट्टीले डोया मारतं काय बे?"

"मारला नाई, भाऊ. मिटला," तो शांतपणे म्हणाला. "तिच्या दोन्ही हाताले ओली मेंदी हाये, अन् नाकावर माशी बसली. तिले हाकलताच येऊन नाई राह्यली. ते पाहून राह्यलो."

मामानं वळून पाहिलं. माशी होती. कॉलर सोडून मामा भाचीच्या नाकावरची माशी हाकलायला गेला, आणि यानं तेवढ्यात कॅमेरा उचलून तेही घेतलं. पुढे त्या लग्नाची कॅसेट आली तेव्हा घरच्यांनी सगळ्यात जास्त वेळा तोच भाग मागे नेऊन पाहिला, असं मामाच मला सांगत होता.

मला सांगत होता, कारण माझा तेव्हा आर्णीत केबलचा धंदा होता आणि केबलवाल्याला लोक काहीही सांगतात. खताच्या दुकानावरच्या खोलीत माझी मशिनं होती. तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात गावात केबल घेतली असेल त्यांना आठवेल, एक चॅनेल केबलवाल्याचं स्वतःचं असायचं. त्यावर दुपारी एखादा सिनेमा, आणि खाली सरकणारी जाहिरातींची पट्टी. बियाणं, साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस. त्याचं दुकान माझ्याच गल्लीत होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि कॅमेरा ठेवायची लोखंडी पेटी. धंदा नसला की तो माझ्याकडे येऊन बसायचा. त्याचं नाव इथे देत नाही. दिलं असतं तरी आर्णीतल्या निम्म्या लोकांना ते कोणाचं हे कळलं नसतं. सगळे त्याला शूटिंगवाला म्हणायचे, आणि मी भाऊ म्हणायचो.

ती वर्षं कापसाच्या भावाची होती, म्हणजे भाव नसण्याची. आमच्याकडच्या रस्त्यांवर बाहेरच्या जिपा फिरू लागल्या होत्या. तरी लग्नं होत होती. मांडव आखूड झाले, बँड गेला, जेवणातलं एक गोड कमी झालं, पण शूटिंग कोणी सोडलं नाही. पोरगी सासरी जाते तेव्हा सोबत कॅसेट गेलीच पाहिजे, असा रिवाज पडून गेला होता. हिंदूंच्या लग्नांत त्याला दिवसभर उभं राहावं लागायचं. त्याच्या स्वतःच्या समाजाची, बौद्धांची लग्नं त्याला सोपी वाटायची. पांढरे कपडे, वंदना, दोन हार, संपलं. "आपल्याकडे लगन लवकर लागते," तो म्हणायचा, "पन भाषनात तेवढाच टाइम भरून निघते."

त्याच्या कॅसेटी इतरांसारख्याच असायच्या, हे मान्य करतो. कच्ची कॅसेट घेऊन तो यवतमाळला मिक्सिंगला जायचा. तिथला माणूस वरून गाणी चढवायचा, नवरानवरीला बदामात बसवायचा, आणि पडद्यावर एक लाल गुलाब गरगर फिरवायचा. गुलाब लोकांना फार आवडायचा. गुलाब नसला तर पैसे कापायचे. पण मधेच कुठेतरी त्याच्या कॅसेटीत असं काही दिसायचं की पाहणारा चक्रावून जायचा. अक्षता पडताहेत, आणि एकदम नवरीचा बाप, मांडवामागे, वरणाच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, वाकून तळ पाहतोय. किंवा वरात पोचली आहे आणि एक म्हातारी एका पायात दुसऱ्याच कोणाची चप्पल घालून, आपली शोधत हिंडते आहे.

लोक माझ्यासमोर त्याच्याशी भांडलेले आहेत. "हे कायले टाकलं तुमी? आमी का याच्यासाठी शूटिंग ठेवली?"

"तेच तर लगन होय, भाऊ," तो म्हणायचा. मग एखादं गाणं फुकट चढवून द्यायचा.

मी एकदा त्याला विचारलं, हे असलं तुला सुचतं कुठून?

"घरून," तो म्हणाला. "मायी माय पाहुने आले का गंजात डोकावे. सगळ्यायले पुरन का नाई पुरन. मले लहानपनी वाटे, थे आपलं तोंड पाह्यते वरनात. आता कोनाच्याबी लगनात गंज दिसला का मले माय दिसते. मंग मी काय करू?"

त्याला वाटायचं, जे आपल्यावर आलेलं नाही ते आपल्याला दिसतच नाही. दिसलं तरी कळत नाही. म्हणून माझ्याकडे बसून सिनेमा पाहायला लागला की अर्ध्या तासात घोरायचा. मी उठवलं की तक्रार करायचा. "तीन घंटे झाले, यायच्यातला एक मानूस पानी प्याला नाई, भाऊ. कोनाले तहान लागत नाई काय?" त्याला स्वतःचा एक सिनेमा काढायचा होता, हे मला त्याच्या या तक्रारींवरूनच कळलं. तसं तो कधी बोलला नाही. बोलला असता तर मी हसलो असतो, हे त्याला माहीत असावं.

त्याच्या घरी मी जाऊन येऊन असायचो. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात एक बकरी. ही बकरी महत्त्वाची आहे. वहिनींना राग आला की त्या भांडायच्या नाहीत, स्वयंपाक बंद करायच्या नाहीत, माहेरी जायच्या नाहीत. फक्त नवऱ्याशी बोलणं बंद. मग सगळे निरोप बकरीमार्फत. "बकरे, यायले सांग, पीठ सरलं." "बकरे, विचार यायले, जेवाचं हाये का लगनातूनच गियून आले?" बकरी पाला खात असायची. तो बापडा बकरीकडे पाहून उत्तर द्यायचा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तोंडातला चहा नाकात गेला. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की यात हसण्यासारखं काय आहे.

वहिनींचे वडील मुकुटबनकडचे. थोडी शेती, एक बैलजोडी, कमी बोलणं. दोन ठिकाणी गाडी बदलून ते वर्षातून तीनचारदा लेकीकडे यायचे. आले की दारात टायरच्या चपला काढायचे, आणि काढतानाच त्या रस्त्याकडे तोंड करून ठेवायचे. म्हणजे पाणी पिऊन निघालोच. मग ते आत टेकले की वहिनी हळूच बाहेर जाऊन चपलांची तोंडं घराकडे फिरवून ठेवायच्या. म्हातारा निघायला उठायचा, दारात यायचा, खाली पाहायचा आणि म्हणायचा, "चपला फिरल्या वाटते." एवढं म्हणून परत आत जाऊन बसायचा. मुक्काम व्हायचा. लेकीनं राहा म्हणायचं नाही, बापानं राहतो म्हणायचं नाही. वहिनींच्या लग्नापासून हे असंच चालू होतं. मी दोनदा पाहिलं आहे.

दिवाळीनंतर, कापसाची वेचणी भरात असताना म्हातारा गेला. तापानं गेला. हे मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा वहिनींनाही ते मुद्दाम सांगावं लागत होतं. ती वर्षंच तशी होती. शेतकरी गेला म्हटलं की भेटायला आलेला माणूस आवाज खाली आणून विचारायचा, "औषध घेतलं काय?" म्हणजे फवारणीचं, कीटकनाशक. वहिनी म्हणायच्या, "नाई. तापानं गेला माया बाबा." समोरचा मान हलवायचा, पण त्याचा विश्वास बसलेला नसायचा. शेजारची एक बाई तर म्हणाली की जाऊ दे, सांगायचं नसेल तर नको सांगू. त्या दिवशी वहिनी घरात जाऊन रडल्या. बाप गेल्यानंतर मी त्यांना तेव्हाच रडताना ऐकलं.

त्याच आठवड्यात एक जीप आली. टीव्हीवाले होते, बाहेरचे. गावं दाखवायला आणि लाइट धरायला त्यांनी याला दिवसाच्या हिशेबानं घेतलं होतं. एका घरी त्यांनी नवरा गेलेल्या बाईला फोटो हातात देऊन भिंतीजवळ उभं केलं, मग परत आत पाठवून पुन्हा बाहेर यायला लावलं, कारण पहिल्या वेळी मागे कोंबडी आली होती. संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला आणि खुर्चीत बसून राहिला.

"त्या बाईनं चहा मांडला होता, भाऊ, सगळ्यायसाठी," तो म्हणाला. "तिले भायेर उभी ठेवली. चहा आत उतू गेला. वास आला सगळ्यायले. तिचं ध्यान सारं चुलीकडे, अन् हे म्हनून राह्यले इकडे पाहा. चहा कोनीच नाई घेतला. पेलाबी नाई अन् शूटबी नाई."

मग तो म्हणाला, "मी त्यायले सांगतलं, माया सासरा गेला याच आठवड्यात. त्यातल्या पोरानं इचारलं, किसान थे? म्हटलं हो. कैसे गए? म्हटलं बुखार से. अच्छा म्हने, अन् कॅमेऱ्याले झाकन लावलं."

मला त्या पोराचा राग आला. त्याला आलेला दिसला नाही. तो डावा डोळा मिटून माझ्या खिडकीच्या गजांकडे पाहत होता.

म्हाताऱ्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. त्याला फोटो लागतो. मेणबत्त्यांच्या मागे, हार घातलेला. म्हाताऱ्यानं जन्मात फोटो काढला नव्हता. मतदानाच्या कार्डावर एक होता, तो मोठा करून आणला तर भलताच कोणीतरी दिसू लागला. तेव्हा वहिनींना आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं होतं, शूटिंग यानंच केलं होतं, आणि त्यात बाबा होते. पाठवणीच्या वेळी जावयाच्या गाडीशी उभे. "त्यातून काढा," त्या म्हणाल्या.

कॅसेट माझ्याच व्हीसीआरवर लावली. वहिनी समोर खाली बसल्या होत्या. पाठवणी आली, गाडी आली, गाडीशी धोतरातला माणूस उभा राहिला. वहिनी पुढे सरकल्या. त्या माणसानं मान वर केली, आणि बरोबर त्याच क्षणी पडद्यावर यवतमाळचा लाल गुलाब आला आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर गरगर फिरू लागला. गाणं संपेपर्यंत फिरला. गुलाब गेला तेव्हा म्हाताऱ्याची पाठ होती.

"गुलाब काढा," वहिनी म्हणाल्या.

मिक्सिंग झालेल्या कॅसेटीतला गुलाब काढता येत नाही. कच्ची कॅसेट लागते, जिच्यावर नुसतं शूटिंग असतं. वहिनींनी कच्ची मागितली. तो जागचा उठला नाही. मला कळलं, कारण या धंद्यातले सगळेच ते करत. कॅसेट महाग म्हणून कच्चीवरच पुढचं लग्न घ्यायचं. म्हाताऱ्याच्या तोंडावर यानं स्वतःच्या हातानं दिग्रसकडचं कोणाचं तरी लग्न चढवलं होतं.

वहिनी उठल्या आणि घरी गेल्या. त्या दिवसापासून बकरी.

या वेळचा अबोला आधीच्यांसारखा नव्हता. आधीचे दोन दिवसांत मिटायचे, कधी बकरीनंच कोणाच्या तरी पानात तोंड घातलं की हसण्यात मिटायचे. हा वेचणीत सुरू झाला तो तुरी सोंगायची वेळ आली तरी चालूच. कार्यक्रम मतदान कार्डावरच्या भलत्याच माणसाच्या फोटोवर पार पडला. वहिनी दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायच्या, घरी येऊन ताट वाढायच्या, बकरीला निरोप सांगायच्या. पुढेपुढे निरोपही कमी झाले. तो वाळत चालला. एकदा म्हणाला, "भाऊ, आता थे बकरीलेबी सांगून नाई राह्यली." मला त्याची भीती वाटू लागली. चांगलं चाललेलं घर असं आवाज न होता मोडताना मी दुसरीकडे पाहिलेलं होतं.

मग एका सकाळी तो माझ्याकडे आला आणि त्यानं एक कोरी कॅसेट मागितली. कोरीच पाहिजे म्हणाला. पांढरी चादर घेऊन घरी चला, उजेड पाडायला कोणीतरी पाहिजे.

"कशाचं शूटिंग?"

"बाबाचं."

मी म्हटलं, तोंड आठवतं का तुला?

"आठवते," तो म्हणाला. "पन गुलाबासकट आठवते. म्हनून तोंड नाई घेत. पाय घेतो."

आम्ही गेलो तेव्हा वहिनी अंगणात तूर निवडत होत्या. मुकुटबनहून येताना त्यांनी बापाच्या टायरच्या चपला पिशवीत घालून आणल्या होत्या, हे त्याला माहीत होतं. तो बकरीसमोर जाऊन उभा राहिला. "बकरे," तो म्हणाला, "तिले विचार, बाबाच्या चपला घेऊ काय?" वहिनींनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं आत गेल्या, चपला आणून ओट्यावर ठेवल्या आणि परत तुरीला बसल्या.

कॅमेरा त्यानं दाराशी एका पालथ्या घमेल्यावर ठेवला, जमिनीपासून वीतभर वर. धोतर नेसून आला. मी चादर धरून उन्हाचा उजेड उंबऱ्यावर पाडत होतो. कॅमेरा चालू करून तो फाटकापर्यंत गेला, तिथून चालत आला, चपला काढल्या, रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या आणि आत गेला. परत आला. पुन्हा गेला. असं दोनतीनदा झालं. मला ते सगळं पोरखेळ वाटत होतं, खरं सांगतो.

"बकरे," मागून आवाज आला, "यायले सांग, माया बाबा असा धपधप चालत नव्हता."

तो थांबला. पुन्हा फाटकापर्यंत गेला आणि हळू आला.

"बकरे, सांग, बाबा आंधी उजवी काढे. भिताले हात लावून."

त्यानं भिंतीला हात लावून उजवी काढली. मग डावी काढली, वाकून दोन्ही चपला जोडीनं ठेवल्या आणि आत गेला. आता चपला फिरवायच्या होत्या. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तोच उंबऱ्याआडून हात लांबवून चपलांना लावायला गेला.

वहिनी सूप खाली ठेवून उठल्या. इतक्या झटक्यात की तूर अंगणभर सांडली आणि बकरी तिकडे धावली. त्यांनी येऊन त्याचा हात बाजूला केला.

"तुमी नोका हात लावू," त्या म्हणाल्या. "चपला मी फिरवत होती."

आणि त्यांनी चपला फिरवल्या. एक, मग दुसरी. जोडी नीट लावली. हात क्षणभर चपलांवरच राहिला. कॅमेरा चालू होता. मी पाहिलं, उंबऱ्याच्या आत धोतर नेसून बसलेल्या त्या माणसानं डावा डोळा मिटला होता, आणि उजव्यातून पाणी येत होतं. तूर बकरीनं बरीचशी खाल्ली.

त्यानंतर तो सिनेमा वहिनींचाच झाला. पिशवी कोणत्या खुंटीला लावायची, पाण्याचा तांब्या कुठे ठेवायचा, बाबा बसताना आधी काय झटकायचे, सगळं त्या सांगायच्या आणि तो करायचा. बकरीला कोणी विचारत नव्हतं. एका ठिकाणी मात्र अडलं. शेवटी म्हातारा दारात येऊन म्हणायचा ते वाक्य. यानं म्हणून पाहिलं, मी म्हणून पाहिलं. वहिनी नाही म्हणाल्या.

"आवाज नोका टाकू. बाबाचा आवाज मले आठोते. दुसऱ्याचा टाकसान तर तोबी जाईन."

तेव्हा ते वाक्य सिनेमात नाही. गाणं नाही, गुलाब नाही. पाय येतात, चपला निघतात, रस्त्याकडे तोंड. आतून भांड्याचा आवाज. मग एक बांगड्यांचा हात येतो आणि चपला फिरवतो. मग पुन्हा ते पाय दारात येतात, चपलांपाशी थांबतात, थोडा वेळ तसेच उभे राहतात आणि मागे वळून आत जातात. एवढंच. मी ते रविवारी दुपारी माझ्या चॅनेलवर लावलं. मधेच गावाच्या एका बाजूला लाइट आली आणि दुसऱ्या बाजूची गेली, त्यामुळे अर्ध्या आर्णीला सुरुवात दिसली नाही आणि उरलेल्या अर्ध्या आर्णीला शेवट. मला पुढच्या रविवारी परत लावावं लागलं.

चौकातला चहावाला म्हणाला, यात काही झालंच नाही. एकानं विचारलं, चपलांची जाहिरात होती काय, दुकान कुठे आहे. पण मी महिन्याचे पैसे घ्यायला घरोघर जायचो तेव्हा बायका विचारायच्या, "थे चपलाचं पुन्हा कवा लावता?" एकजण तर तक्रार घेऊन आला. "भाऊ, ते काय लावलं तुमी? मायी बायको माया सासऱ्याच्या चपला फिरवून ठेवते. तो म्हातारा आता जाऊनच नाई राह्यला."

शूटिंगवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. इतकं मनापासून हसताना त्याला मी त्या हिवाळ्यात पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या हंगामात पुन्हा एक जीप आली. दुसरे लोक होते. त्याच्याकडे स्वतःची फिल्म आहे असं कोणीतरी त्यांना सांगितलं, म्हणून माझ्या खोलीवर येऊन त्यांनी ती पाहिली. शांतपणे पाहिली, हे सांगायला हवं. मग त्यातल्या मोठ्या माणसानं विचारलं, "अच्छी है. लेकिन इसमें किसान कहाँ है?"

"चपला काढून घरात गेला ना, साहेब," तो म्हणाला.

त्यानं नंतर दुसरा सिनेमा काढला नाही. मी एकदोनदा म्हटलं, काढ. तो म्हणायचा, "पुन्हा तसं काही व्हाव लागन. न झालेलंच बरं." लग्नं घेत राहिला. कॅसेटी जाऊन सीडी आल्या, खांद्यावरचा कॅमेरा जाऊन हातातला आला. त्याला डोळा लावावा लागत नाही, छोट्या पडद्यावरच दिसतं. त्याचा डावा डोळा तरी मिटतच राहिला. आपल्या कच्च्या कॅसेटी मात्र त्यानं पुन्हा कधी पुसल्या नाहीत. दुकानातलं कपाट भरलं, मग घरातलं भरलं. माझा केबलचा धंदा डिशनं खाल्ला आणि मी यवतमाळला मुलाकडे राहायला आलो.

तो गेल्याचं मला फोनवर कळलं. घरून निघतानाच त्याला बरं वाटत नव्हतं, तरी शब्द दिलेला म्हणून लग्नाला गेला. मांडवातच छातीत दुखलं. मी आर्णीला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. वहिनींनी पाणी दिलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"भाऊजी, कार्यक्रमाले फोटो पाह्यजे. यायचा एक फोटो नाई."

खरंच नव्हता. त्याच्या पोरानं घरातलं कपाट उघडून मला दाखवलं. आर्णीतली आणि आजूबाजूच्या गावांतली सगळी लग्नं तिथे रचून ठेवलेली होती, आणि त्यातल्या एकाही लग्नात तो नव्हता. कसा असेल? कॅमेरा त्याच्याच खांद्यावर. कोणी म्हणालं, मतदानाचं कार्ड मोठं करू. वहिनींनी नको म्हटलं.

माझ्याजवळ त्या सिनेमाची कॅसेट होती, आणि अडगळीत टाकलेला व्हीसीआर. दुसऱ्या दिवशी यवतमाळहून दोन्ही घेऊन आलो. फोटोचं काम त्यातून होणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. तरी आणलं. दुपारची वेळ होती. दार उघडं होतं, दाराशी एक बकरी बांधलेली. जुन्या बकरीची नात वगैरे असेल.

कॅसेट जुनी झाली होती, पडद्यावर रेघा येत होत्या. मग ते पाय आले. हळू चालत आले, भिंतीला हात लागला, उजवी चप्पल निघाली, मग डावी.

"तवा मी बाबाचे म्हनून पाह्यले," वहिनी म्हणाल्या. "हे त्यायचे पाय हायेत."

बांगड्यांचा हात आला, त्यानं चपला फिरवल्या. पाय दारात आले, थांबले, वळून आत गेले. पडदा निळा झाला. मी उठून व्हीसीआर बंद करायला गेलो, तेव्हा मागे वहिनींचा आवाज आला. वाटलं मला काही म्हणताहेत. वळून पाहिलं तर त्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"बकरे," त्या म्हणाल्या, "त्यायले सांग. लगनाले निघाले त्या दिवशीबी चपला मी फिरवल्या होत्या. तरी गेले."